कृष्णवर्णीय वृद्धांना घरपट्टीत सवलत द्यावी का?

सुनीता_के: माझ्या मते द्यायलाच हवी, आणि उपकार म्हणून नव्हे. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या. तिथे गृहकर्ज मिळेना. घर विकताना वर्णभेद करायला देशभर बंदी आली थेट १९६८ साली. एवढ्यातूनही ज्यांनी फिलाडेल्फियात घर घेतलं, त्यांच्या गल्लीत आता पैसेवाले येतात, घराचं सरकारी मूल्यांकन चढतं आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजींच्या हातात फुगलेलं बिल पडतं. तिथे किमान १० वर्षं राहिलेल्या मालकांना २०१४पासून सवलत आहे. सगळ्या शहरांनी ती द्यावी.

अभय_देव: साफ विरोध. त्याच घरपट्टीवर तिथल्या सरकारी शाळा चालतात, आणि त्यांत कृष्णवर्णीय मुलंच जास्त आहेत. शिवाय त्याच गल्लीतल्या भाडेकरू आजींना काय मिळालं? ती घरंही बघा: दाराशी पायऱ्या, बाथरूम वरच्या मजल्यावर. गुडघे गेल्यावर घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत जाणं शहाणपणाचं.

सुनीता_के: भाडेकरूंनाही संरक्षण द्या, पण त्यासाठी मालकांचं का काढून घ्यायचं? जिन्याला उपाय असतो. रोज सकाळी दार वाजवून विचारपूस करणारी शेजारीण नव्या इमारतीत कुठून आणणार?

मीरा_जर्सी: मी वृद्धांच्या घरी जाऊन सेवा देते. खरी अडचण कागदांची आहे. एका घरी वायरिंग जळालेलं, मोफत दुरुस्तीची योजनाही होती. पण घर अजून वारलेल्या आईच्या नावावर, भावंडं चार राज्यांत पांगलेली. मालकीचा पुरावा नाही म्हणून अर्ज परत आला. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहून जातं, तीच गत. सवलतीआधी फुकट वकील द्या.

अभय_देव: वकील जरूर द्या. पण जेराल्डिन टायलर यांचंही उदाहरण घ्या. मिनियापोलिसमधला फ्लॅट सोडून त्या स्वतःहून वृद्धांच्या इमारतीत गेल्या होत्या. घरातच राहणं हा एकच मार्ग नाही.

सुनीता_के: पुढचंही सांगा ना! घरपट्टीची दंड-व्याजासह थकबाकी १५ हजार डॉलर, काउंटीने (म्हणजे जिल्हा प्रशासनाने) फ्लॅट विकला ४० हजारांना आणि उरलेले २५ हजारही ठेवून घेतले. टायलरबाई ९४ वर्षांच्या असताना, २०२३मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते घटनाबाह्य ठरवलं. राहायचं की जायचं हे आजींनी ठरवावं, घरपट्टीच्या बिलाने नाही.

अभय_देव: मग निदान उत्पन्नाची मर्यादा तरी घाला.

सुनीता_के: फिलाडेल्फियात ती आहेच.

अभय_देव: असेल. भाडेकरू आजींचं उत्तर अजून मिळालेलं नाही.