शिंकांचा त्रास गोळ्यांवर रेटू नये

भाद्रपद लागला की मुलाला पहाटेपासून शिंका सुरू होतात आणि सेट्रिझिन या ॲलर्जीवरच्या गोळीने नुसती झोप येते, असे आपण लिहिले आहे. गंगापूर रोडला राहायला आल्यावर मलाही हाच त्रास सुरू झाला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढे गाजर गवत माजले होते आणि ते पांढरे फुलले की माझा उशीचा अभ्रा रोज ओला होई. दोन वर्षे मी गोळ्यांवर काढली, ती चूकच झाली. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे दिला. त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात, म्हणून तीन-चार दिवसांत तो सोडून देऊ नये, आणि मारताना त्याचे टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरावे, नाहीतर नाकातून रक्त येते. नाक मोकळे करणारे थेंब मात्र ५ दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट जास्तच चोंदते. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करायची असल्यास आधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात. मुलाच्या छातीत घरघर होत असेल किंवा त्याला धाप लागत असेल, तर तो दमा असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दाखवावे.