सफरचंदाचं क्रंबल ओटीजीत, बिनअंड्याचं: माप, वेळ आणि कुठलं सफरचंद?

तापीकाठ_जळगाव विचारतात:

कोजागरीला आठ माणसांसाठी सफरचंदाचा भाजलेला गोड पदार्थ करायचा आहे. केक नको, अंडं नको, ‘पाय’चं (pie) पीठ लाटायची खटपटही नको. क्रंबल, म्हणजे फळांच्या फोडींवर पीठ-बटर-साखरेचा भुरभुरीत थर पसरून भाजलेलं गोड, सोपं असतं असं ऐकलंय. घरी १९ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आणि २० सेंमी चौकोनी काचेचं भांडं आहे. विचारायचं एवढंच:

१. बाजारात सध्या किन्नौरचं लाल, काश्मिरी आणि महागडं हिरवं, अशी तीन तऱ्हेची सफरचंदं आहेत. कुठलं घ्यावं?
२. तळाशी पाणी साचू नये आणि वरचं पीठ खुसखुशीत व्हावं म्हणून नेमकं काय करायचं?
३. बटरऐवजी घरचं तूप आणि मैद्याऐवजी कणीक किंवा ज्वारीचं पीठ चालेल का?
४. संध्याकाळी वीज जाते. आधी किती तयारी करून ठेवता येईल?

---

बट्टीवाली_अमळनेर:

जमी जाई, ताई. आधी माप देते, ते तराजूवर घ्या. वाटीनं पीठ मोजलं की दाबून भरलं का सैल भरलं यावर पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो आणि क्रंबलमध्ये तेवढा फरक खाताना कळतो.

खालचा थर: सफरचंदं १ किलो (मध्यम ६ ते ७, साल आणि बिया काढून साधारण ८०० ग्रॅम उरतात), साखर ६० ग्रॅम, एका कागदी लिंबाचा रस, दालचिनी पूड अर्धा चमचा, जायफळ चिमूटभर, कॉर्नफ्लोअर २ चमचे.

वरचा थर: मैदा किंवा बारीक कणीक १५० ग्रॅम, गार बटर ७५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम. म्हणजे वजनाला पीठ दोन भाग, बटर एक, साखर एक. हे प्रमाण डोक्यात ठेवलं की भांडं लहानमोठं झालं तरी अडत नाही. पिवळं बटर खारं असतं, तेव्हा वेगळं मीठ नको. पांढऱ्या लोण्यात चिमूटभर घाला.

आता पाण्याचा प्रश्न, कारण बहुतेकांचं क्रंबल तिथेच बिघडतं. सफरचंदात आठ-दहा आणे नव्हे, जवळजवळ साडेतेरा आणे पाणीच असतं आणि साखर ते बाहेर ओढते. फोडी, साखर, लिंबू एकत्र करून लगेच भाजायला ठेवलं तर ते सगळं पाणी भांड्यातच सुटतं, त्याची वाफ वर येते आणि वरचं पीठ खालून ओलं राहतं. म्हणून फोडी दीड-दोन सेंमी जाड करा, साखर-लिंबू लावून अर्धा तास ठेवा, मग चाळणीत निथळा. निघालेला रस छोट्या पातेल्यात उकळून पाकासारखा दाट करा. दोन-तीन मोठे चमचे राहिला की पुरे. तो गार झाला की त्यात कॉर्नफ्लोअर कालवा आणि फोडींना चोळा. रस फेकू नका, सफरचंदाचा वास त्यातच उतरलेला असतो.

बटर आणि पीठ बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्यानं नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारचा पारा ३५ अंशांना जातो आणि बटर तेवढ्यात वितळतं. वितळलेलं बटर पिठात मुरलं की दाणे होत नाहीत, एकसंध गोळा होतो आणि भाजल्यावर त्याची जाड बिस्किटासारखी कडक पापडी होते. म्हणून बटरचे चौकोनी तुकडे फ्रीजरमध्ये वीस मिनिटं ठेवून घ्या आणि पंखा लावून काम करा. साखर शेवटी घाला. दाणे हरभऱ्यापासून तुरीएवढे, मुद्दाम लहानमोठे असू द्या. सगळं रव्यासारखं बारीक केलंत तर वर दाबून बसतं आणि वाफेला वाट राहत नाही.

ओटीजी १८० अंशांवर, वरखाली दोन्ही सळया चालू, पंधरा मिनिटं आधी तापवा. भांडं मधल्या कप्प्यात. फोडींवर पीठ नुसतं पसरा, थापू नका. ४० ते ४५ मिनिटं लागतात. घड्याळापेक्षा कडेकडे बघा: कडेनं रस दाटसर, संथ बुडबुडे काढू लागला पाहिजे. कॉर्नफ्लोअर उकळीजवळ आल्याशिवाय घट्ट होत नाही, त्यामुळे वर रंग आला म्हणून आधीच काढलंत तर खाली पातळ राहणार. १९ लिटरच्या ओटीजीत वरची सळई भांड्याच्या जवळ असते. तिसाव्या मिनिटालाच रंग आला तर वर फॉइल नुसती झाकण म्हणून ठेवा, घट्ट बांधू नका.

काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. रस त्या वेळात बसतो.

---

फळबाजार_भुसावळ:

सफरचंदाबद्दल. तुमच्या तिन्हींत किन्नौरचं घ्या. ते उशिरा उतरतं, ऑक्टोबरात ताजं मिळतं आणि गर घट्ट असतो. काश्मिरी डिलिशस गोडीला छान, पण आंबटपणा कमी आणि जुनं झालं की गर भुसभुशीत होतो. तसं फळ भाजल्यावर फोड राहत नाही, गरगट होतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ भाजायला सगळ्यांत उत्तम, पण किलोभर घ्यायची गरज नाही. ६०० ग्रॅम किन्नौर आणि ४०० ग्रॅम हिरवं असं मिश्रण केलं तर फोडीही राहतात आणि थोडा रसाळ गरही होतो. फक्त हिरवंच घेतलंत तर साखर ८० ग्रॅमपर्यंत न्या.

लिंबू चवीपुरतंच नसतं. आंबटात फळाचं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून फोड आकार धरून राहते. गोड लाल सफरचंदाला हा आधार बाहेरूनच द्यावा लागतो. हिरवं अजिबात घेणार नसाल तर लिंबू दीड करा.

पारख: देठाजवळची साल अंगठ्यानं हलकी दाबा, दबली तर ठेवून द्या. आकाराच्या मानानं जड लागणारं फळ घ्या. गडद लाल रंगावर जाऊ नका. देठाच्या खळग्यातला मूळ रंग बघा, तो फिका हिरवट-पिवळा हवा, पार पिवळा पडलेलं फळ बऱ्याचदा आतून मऊ निघतं. गाडीवाल्याकडून एक कापून घ्या. दात लावल्यावर कर्रकन आवाज आला नाही तर ती पेटी भाजण्याच्या कामाची नाही, मग भाव कितीही कमी असो. चकचकीत फळावर मेणाचा थर असतो, साल काढायचीच आहे तेव्हा त्याची चिंता नको.

---

दादरची_भाकर, शिरपूर:

तूप आणि ज्वारी दोन्ही चालतात, पण बदल्यात बदल करावा लागतो.

बटरमध्ये शेकडा ८० च्या आसपास स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ सगळा स्निग्धांशच. म्हणून ७५ ग्रॅम बटरच्या जागी ६० ग्रॅम तूप पुरतं. पूर्ण ७५ घातलंत तर ते खाली निथळून सफरचंदावर तेलकट तवंग धरतं. तूप फ्रीजमध्ये थिजवून घ्या. तुपात पाणी नसल्यानं पीठ सुटं वाळूसारखं राहतं, म्हणून चोळून झाल्यावर एक मोठा चमचा बर्फाचं पाणी शिंपडा आणि काट्यानं हलवा. शंकरपाळ्याच्या मोहनाची परीक्षा इथेही लागू: मूठ दाबली की मुटका व्हावा, बोटानं ढोसला की फुटावा.

ज्वारीत ग्लूटेन नाही. पीठ कितीही चोळलं तरी चिवट होत नाही, ही तिची जमेची बाजू. पण १५० ग्रॅम सगळी ज्वारी घेतली तर दाणे भाजल्यावर भुगा होऊन पडतात. १०० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम दादरचं (आपल्याकडच्या रब्बी ज्वारीचं) पीठ घ्या. दादर गोडसर असते, सफरचंदाशी फार सुंदर जुळते आणि रंगही छान खरपूस येतो. मला तर मैद्यापेक्षा हेच क्रंबल जास्त आवडतं. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या ज्वारीच्या पिठाचा कडवटपणा गोडात लपत नाही. डब्यातलं कळण्याचं पीठ चुकून घेऊ नका, त्यात उडीद आणि मीठ असतं.

४० ग्रॅम शेंगदाण्याचा जाडसर कूट घातला तर आणखी चांगलं, फक्त दाणे आधी भाजलेले नसावेत. भाजलेले पुन्हा ४० मिनिटं तापले की करपट लागतात.

गूळ घालायचा तर खालच्या थरात, किसून, साखरेच्या जागी. वर नको. गुळात ओल असते, तो वितळून पीठ चिकट करतो. वरच्या थरात साधी दाणेदार साखर ठेवा. पिठीसाखरेनंही दाणे विरघळून एक थर होतो.

---

कढई_चाळीसगाव:

ओटीजी नसणाऱ्यांसाठी. जुनी जाड बुडाची कढई, तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग भांडं ठेवून मंद ते मध्यम आचेवर ४० मिनिटं. रोजच्या कुकरमध्ये हे करू नका, पाण्याशिवाय सतत तापवून कुकर खराब होतो.

मात्र कढईत वरून आच नसते आणि झाकणावरची वाफ खाली टपकते. तेव्हा वरचा थर कढईत भाजायचाच नाही. सफरचंद एकटं भाजा. पीठ आणि तूप वेगळ्या कढईत मंद आचेवर बेसनासारखं बदामी होईपर्यंत परता, बारा-पंधरा मिनिटं, उतरवून कोमट झालं की साखर आणि कूट मिसळा. गरम असताना साखर टाकली तर वितळून गोळे होतात. वाढताना वर भुरभुरवा. ओव्हनातल्याचा खमंगपणा पूर्ण येत नाही, पण खुसखुशीत नक्की लागतं.

---

तापीकाठ_जळगाव:

खूप आभार सगळ्यांचे. किन्नौर आणि हिरवं मिश्रण, कणीक-दादर आणि तूप असं ठरवते. विजेचं राहिलं. आणि दोन केळी घातली तर? घरात घड आहे.

---

बट्टीवाली_अमळनेर:

वीज: ओटीजी इन्व्हर्टरवर चालवायचा विचार करू नका, त्याला हजार-दीड हजार वॅट लागतात. सकाळी फोडी निथळून, रस आटवून, दोन्ही एकत्र पसरट पॅनमध्ये पाच-सहा मिनिटं मोठ्या आचेवर परता. कडा मऊ, मध्य कच्चा. पूर्ण गार झालं की कॉर्नफ्लोअर (तेच २ चमचे) चमचाभर पाण्यात कालवून मिसळा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. वरचं पीठ डब्यात भरून फ्रीजरमध्ये. संध्याकाळी वीज असताना १९० अंशांवर २५ ते ३० मिनिटांत काम होतं, कारण पाणी आधीच उडालेलं असतं. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. ती आली की कडेचे बुडबुडे बघून पुढचा वेळ ठरवा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओटीजीत घालायचं नाही, तडकतं. सफरचंद स्टीलच्या डब्यात ठेवा, भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, मग काचेच्या भांड्यात भरा. पीठ मात्र फ्रीजरमधून थेट वर पसरा. वर थर नसलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यातही हे मुरत ठेवू नका, लिंबामुळे धातूची चव उतरते.

केळं माझ्या मते नको. पिकलं केळं भाजल्यावर काळपट होतं आणि त्याच्या वासापुढे सफरचंद दबतं.

---

फळबाजार_भुसावळ:

केळ्याला एवढं तोडू नका, ताई. एकच, टणक, साल पूर्ण पिवळी पण ठिपके न पडलेलं केळं जाड चकत्या करून लिंबू लावून घातलं तर त्याचा गर रसाला दाटपणा देतो, तिथे कॉर्नफ्लोअर एकच चमचा पुरतं. साखर ६० वरून ४५ ग्रॅम करा. दोन मात्र नकोत, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. आणि चकत्या शेवटी, पीठ पसरण्याआधी मिसळायच्या, सकाळच्या परतण्यात नाही.

---

दादरची_भाकर, शिरपूर:

वाढताना: कोजागरीचं मसाला दूध क्रंबलवर ओतू नका. लिंबू लावलेल्या गरम सफरचंदावर पातळ दूध फाटू शकतं. दूध पेल्यात वेगळं द्या आणि क्रंबलवर गार घट्ट साय किंवा व्हॅनिला आईस्क्रीम. जायफळ दोन्हींत येणार असेल तर क्रंबलमधलं काढून टाका, फक्त दालचिनी ठेवा.

उरलं तर फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, त्यात वरचं पीठ वाफेनं लिबलिबीत होतं. ओटीजीत १६० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं, न झाकता.