मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतर भावाचं बीपी मध्येच १८०-१९० वर का जातंय?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय २९. गेल्या वर्षी मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. मानेच्या मणक्याला, सी ६ ला मार लागला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण छातीच्या खाली संवेदना नाही. कायमचा कॅथेटर (लघवीची नळी) आहे. रत्नागिरीजवळच्या गावात राहतो, त्याचं सगळं आई आणि मी करतो.

पडल्यापासून त्याचं बीपी कमीच असतं, १००/६० च्या आसपास. महिनाभरात मात्र चार वेळा एकदम चढलं. एकदा १९०/११०. डोकं घण घातल्यासारखं दुखतं, तोंड लालबुंद होतं, कपाळावर आणि मानेवर घामाच्या धारा. पाय मात्र गार, त्यावर काटा आलेला. नाडी उलट मंद, ५२. दर वेळी हे रात्रीच, डाव्या कुशीवर वळवल्यानंतर तासा-दीड तासाने. आम्ही उशी काढून त्याला आडवा करतो, पायांखाली लोड ठेवतो. तरी डोकं ठणकतच राहतं.

ईसीजी, सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टरांनी टेन्शन असेल म्हणून बीपीची रोजची गोळी दिली. दुसऱ्याच दिवशी सकाळी व्हीलचेअरवर बसवताना बीपी ८०/५० झालं आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आता गोळी द्यायलाही भीती वाटते. कुणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद १

ताई, आधी एक: त्या वेळी त्याला आडवा करू नका! ताठ बसवा, पाय खाली सोडा. बसवल्याने बीपी थोडं उतरतं, झोपवल्याने ते डोक्याकडे आणखी चढतं.

माझ्या नवऱ्याला डी ४ ची, म्हणजे छातीमागच्या चौथ्या मणक्याची दुखापत आहे, नऊ वर्षं झाली. तुम्ही लिहिलंय ते आम्ही अनेकदा पाहिलंय. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डी ६ किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना होतो. खाली काही दुखलं, तुंबलं, टोचलं तर त्यांना कळत नाही, पण शरीराला कळतं. दुखापतीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. मेंदू ते उतरवायला नाडी मंद करतो, पण त्याचा निरोप दुखापतीच्या खाली पोचत नाही. म्हणून वर घाम आणि खाली काटा.

सगळ्यात जास्त वेळा कारण लघवीचं असतं. डाव्या कुशीवर वळवल्यावर नळी मांडीखाली दबते का, बघा. बॅग रिकामी असेल तर तेच. त्यानंतर शौचाचा खडा, जखम, पायाचं वाढलेलं नख, घट्ट पट्टा.

कारण दूर करूनही बीपी १५० च्या वर राहिलं तर १०८ ला फोन करा. फिट येऊ शकते, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. गोळी मनाने बंद करू नका, ८०/५० चा आकडा डॉक्टरांना दाखवा आणि 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हा शब्द कागदावर लिहून न्या. खूप डॉक्टरांनी असा पेशंट पाहिलेला नसतो, त्यात त्यांचा दोष नाही.

प्रतिसाद २

मुंबईला येणं जमत असेल तर हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे. अशा पेशंटचंच काम तिथे चालतं. बीपीची वही सोबत न्या: वेळ, आकडा, त्याआधी काय केलं होतं.

धागा लिहिणारी

काल रात्री पुन्हा झालं. १८४/१०२. आईने त्याला पाठीशी टेकवून ताठ बसवलं, मी चादर बाजूला केली. नळी मांडीखाली चपटी झालेली, बॅग कोरडी. सरळ केल्यावर ६०० मिली लघवी आली. दहा मिनिटांत १२२/७०. तो म्हणाला, "डोकं सुटलं." मी आणि आई दोघी रडलो. मागच्या चारही वेळा आम्ही त्याला झोपवत होतो.

गोळीबद्दल उद्या डॉक्टरांशी बोलते. प्रतिसाद १ मधल्या ताई, एक विचारायचं राहिलं: वळवल्यावर नळी दबू नये म्हणून ती कुठून घेऊन कशी चिकटवता? आमच्याकडे चिकटपट्टीने त्याची कातडी सोलवटते.