इमारतीच्या उर्वरित आयुष्याचा आकडा आधी विचारा
सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचा स्कोअर) चांगला आणि कागदपत्रं स्वच्छ असली की जुन्या इमारतीतल्या फ्लॅटलाही कर्ज मिळतंच, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारा, इमारतीचं 'उर्वरित आयुष्य' लिहितो, आणि ते कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त असावं लागतं. बऱ्याच बँका मुदतीच्या वर आणखी काही वर्षं शिल्लक मागतात. म्हणजे २० वर्षांचं कर्ज मागितलं तरी १०-१२ वर्षांचंच पदरात पडतं, हप्ता फुगतो आणि पात्रताच घटते.

डोंबिवलीत मावसभावाच्या व्यवहारात हेच झालं. फ्लॅट आतून चकाचक, नवं किचन, नव्या टाइल्स. व्हॅल्युअर थांबला तो खाली पार्किंगमध्ये: कॉलमचं प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. त्याने सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल) मागितला, तो नव्हताच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं, पण वर्गणी काढायची म्हटली की सभेत सगळे गप्प! त्यामुळे टोकन देण्याआधी सेक्रेटरीकडून तो रिपोर्ट घ्याच. मुंबईत असाल तर इमारत सी-१ वर्गात, म्हणजे धोकादायक म्हणून पाडायच्या यादीत, नाही ना हेही बघा.

विम्याचं गणित वेगळं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम बाजारभावावर नाही, पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरते. सदोष बांधकामामुळे जमीन खचून झालेलं नुकसान त्यात बसत नाही.