मदत हवी आहे: मांजरीची नखं 'काढायची' का? सासूबाई रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहेत

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. आमची चिंगी तीन वर्षांची, शेल्टरमधून आणलेली. महिन्यापूर्वी सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे वॉरफेरिन कायमचं.

चिंगी चिडकी नाही. पण आई चालायला लागल्या की साडीच्या निऱ्या हलतात आणि ही पलंगाखालून झेप घेते. आत्तापर्यंत तीनदा ओरखडलंय. परवाचा ओरखडा नडगीवर होता. कापूस दाबून बसले तरी रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. माझे हातपाय गार पडले होते.

नवऱ्याने व्हेटकडे विचारून येत्या गुरुवारची वेळ घेतली. टेक्ससमध्ये नखं काढण्याच्या या शस्त्रक्रियेवर राज्यभर बंदी नाही. ऑस्टिन शहराने २०२१ मध्ये घातली, पण आम्ही तिथे राहत नाही. जेवताना तो म्हणाला, "चिंगीची नखं काढून आणतो." आई म्हणाल्या, "मग आण की. विचारायचं काय त्यात? मी दर रविवारी काढते."

तिथेच माझा घास अडकला. आपल्याकडे नखं काढणं म्हणजे नेलकटर. इथे काढतात ते पेर. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, त्यामुळे ते पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच सांध्यापासून कापतात. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं. लेझरने केलं तर रक्त कमी जातं, हाड मात्र तेवढंच जातं. मांजर चालतं ते बोटांवर. पंजे दुखतात म्हणून नंतर वाळू उकरायला नको म्हणणारी, लिटर बॉक्सच सोडणारी मांजरं असतात, हेही वाचलं. आईंना यातलं काहीच माहीत नाही. त्यांनी होकार दिला तो नेलकटरला.

नवरा विचारतो, "तुला आई महत्त्वाची की मांजर?" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, पण त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. चिंगी दुसऱ्याला देऊन टाकायचं म्हटलं तर आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर दिवसभर आईंना तिचीच सोबत असते. दुपारी दोघी एकाच पांघरुणात झोपतात.

आईंना जपायचं आणि चिंगीची बोटंही ठेवायची, असं कुणी करून दाखवलंय का? घरात वयस्कर माणूस आणि मांजर दोन्ही असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (न्यूयॉर्कहून):
ताई, आमच्या राज्यात २०१९ पासून यावर बंदी आहे, वैद्यकीय कारण असेल तरच करता येतं. ब्रिटनमध्ये आणि इस्रायलमध्येही चालत नाही. पण कायदा बाजूला ठेवा, आईंच्याच बाजूने बघा. नखं गेली की मांजराकडे दात उरतात, आणि अशी मांजरं जास्त चावतात असं आढळलंय. मांजराचा दात सुईसारखा. जखम वरून बारीक, आत खोल, आणि पिकतेही लवकर. मग अँटिबायोटिक आलं, आणि त्यातल्या बऱ्याच औषधांनी वॉरफेरिनवाल्यांचा आयएनआर वर जातो, म्हणजे रक्त गोठायला आणखी वेळ लागतो. ओरखडा परवडला, चावा नाही. आईंच्या डॉक्टरांशीही एकदा बोलून घ्या.

दर दोन आठवड्यांनी नखांची टोकं कापा. पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आतल्या गुलाबी भागाला लागू देऊ नका, तिथे रक्तवाहिनी असते. शिवाय नखांवर चिकटवायच्या मऊ टोप्या मिळतात. चारसहा आठवड्यांत त्या गळून पडतात, मग नव्या लावायच्या.

प्रतिसाद (पुण्याहून):
माझी आजी पंच्याऐंशीची, घरात दोन बोके. चिंगीला निऱ्या म्हणजे शिकार वाटते, तर तिला दुसरी शिकार द्या. काठीला पिसं बांधून संध्याकाळी पंधरा मिनिटं पळवा आणि लगेच खायला घाला. पोट भरलं की झोपते. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला खांब ठेवा, तिला पूर्ण ताणून उभं राहता येईल एवढा उंच आणि न हलणारा. आजीला आम्ही घरात गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घालतो. आधी कुरकुरली, आता थंडीत स्वतःच मागते.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल आईंना माझ्या बोटाचं पेर धरून दाखवलं, काय कापतात ते. त्यांनी चिंगीचा पंजा हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तो फोन कर आणि नको म्हणून सांग." चाव्याचं आणि आयएनआरचं वाचल्यावर त्यालाही पटलं. गुरुवारची वेळ रद्द केली.

मोजे आणलेत. आज टोकं कापायला बसले तर दोनच नखं झाली, मग पळाली. दहाही एकाच दिवशी कापायला हवीत का, की रोज दोन चालतील? आणि साडेचार किलोच्या मांजरीला टोप्या कुठल्या मापाच्या मागवू?