मदत हवी आहे: आईचा ८० वा वाढदिवस कोजागिरीला आहे आणि तिला कमी ऐकू येतं

नमस्कार मंडळी,

यंदा, म्हणजे २०२६ ला, कोजागिरी २५ ऑक्टोबरला येतेय. रविवार आहे आणि त्याच तारखेला आईला ८० वर्षं पूर्ण होतात. वाईच्या घरी घरच्याच माणसांनी जमायचं ठरलंय. दादा-वहिनी, आम्ही, दोन्ही मावश्या, आत्या, भाचे-पुतणे, नातवंडं धरून तिसेक जण होतील. हॉल नाही, स्टेज नाही, माईक नाही. सकाळी चहाला यायचं, दिवसभर निवांत बसायचं आणि रात्री दूध पिऊन ज्याला निघायचंय त्याने निघायचं.

सहस्रचंद्रदर्शनही त्याच दिवशी उरकून घ्या, असं एक-दोन नातेवाईक म्हणाले. पण हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि वर साधारण दहा महिने लागतात, त्यामुळे ते पुढच्या वर्षी सावकाश करू. या वेळी फक्त कणकेच्या ८० दिव्यांनी औक्षण. तेही घरातच, कारण अंगणात वारा असतो. संध्याकाळी आई दादाला ओवाळेल. थोरल्याची आश्विनी ती कधीच चुकवत नाही.

हे सगळं जमेल. मला मदत हवी आहे ती वेगळ्याच बाबतीत.

आईच्या दोन्ही कानांना मशीन आहे. समोर बसून एकट्याने बोललं तर तिला छान समजतं, फोनवरही बऱ्यापैकी चालतं. पण माणसं जमली की मशीन माणसांच्या आवाजासोबत ताटांचा, खुर्च्या सरकवण्याचा, मुलांच्या ओरडण्याचा आवाजही मोठा करतं. मागे एका लग्नात मी शेजारीच बसले होते. तिने हळूच दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली आणि मग दोन तास येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मान हलवत हसत राहिली. सगळे म्हणाले, मावशी किती शांत आणि समाधानी दिसतात. माझी आई शांत मुळीच नाही. ती गल्लीभर गप्पा मारणारी बाई आहे. तिच्याच वाढदिवसाला तिने असं हसत बसू नये, एवढंच मला हवंय.

कानाच्या तज्ज्ञांनी सांगितलेलं पाळतोच आहोत: तीन-चार फुटांवरून, समोरून बोलायचं, एका वेळी एकाने बोलायचं, तोंडावर उजेड हवा, ओरडायचं नाही. फरशीच्या मोठ्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून बैठक अंगणात ठेवणार आहोत. आईची खुर्ची भिंतीला पाठ लावून, म्हणजे मागून कोणी बोलणार नाही. तिचं मशीन चार्जिंगचं आहे. रात्रीपर्यंत पुरावं म्हणून दुपारी ती पडेल तेव्हा तेवढ्यात चार्जिंगला लावू. परतीचा पाऊस तोवर गेलेला असतो, तरी मांडव घालावा का, हा विचार चालू आहे. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन काही कमी नसतं.

आता ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी सांगा. तीस जण एकत्र गोल करून बसले तर आईला काहीच कळणार नाही, हे उघड आहे. मग दोघं-तिघं तिच्याजवळ, बाकीचे दुसरीकडे, अशी पाळी लावायची का? पण ती फार ठरवल्यासारखी दिसली तर आईला लगेच कळेल आणि आवडणार नाही. माझ्या मनात आहे की तिच्याजवळ काहीतरी हाताचं काम ठेवावं. ओल्या शेंगा उकडून ठेवायच्या, त्या सोलायला आपोआप दोघं-तिघं येऊन बसतात. जुन्या फोटोंचा अल्बमही तिथेच. अजून काय ठेवता येईल?

दुसरं, गाण्याच्या भेंड्या. कोजागिरीला आमच्याकडे त्या होणारच, आणि आईला गाणी इतकी पाठ आहेत की एके काळी तिच्या बाजूने बसायला भांडणं व्हायची. आता शेवटचं अक्षर कुठलं आलं हेच तिला ऐकू येत नाही. नातवाने पाटीवर ते अक्षर मोठं लिहून तिला दाखवावं असं मी सुचवलंय. कोणी करून पाहिलंय का? की चालू गाण्याचे शब्दही लिहून दाखवावे लागतात? वहिनी म्हणते भेंड्या नकोतच, सरळ पत्ते काढू, मेंढीकोटला कान लागत नाहीत. तिचं म्हणणं पटतं, पण आईला गायला मिळावं असं फार वाटतं.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न रात्रीचा. कोजागिरीला दिवे मालवून चांदण्यात बसण्यातच मजा. पण आई निम्मं बोलणं ओठांवरून ओळखते. अंधार झाला की तिच्यासाठी गप्पा संपल्या. अंगणात किती आणि कसला उजेड ठेवला तर चांदणंही राहील आणि समोरच्याचा चेहराही तिला दिसेल? कंदील बोलणाऱ्याच्या बाजूला ठेवायचा की आईच्या मागे, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल? बारापर्यंत ती जागत नाही, म्हणून दूध नऊलाच देणार आहोत.

जाता जाता दुधाचंही सांगा. माणशी दीडशे मिली धरून सात लिटर आणून पाच लिटरपर्यंत आटवलं तर पुरेल ना? दोन्ही मावश्यांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी बिनसाखरेचं वेगळं काढायचंय, त्यात नुसती चारोळी, बदाम आणि जायफळ घालून चव येते का?