पगार सांगावा, पण कोणाला?

आपला पगार सहकाऱ्यांना सांगावा का? पगार उघड झाले की मनं कलुषित होतात, असं म्हणतात, पण ते निम्मंच खरं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सहकाऱ्यांचे आकडे बघून कमी पगारवाले नाराज झाले, जास्तवाल्यांना विशेष फरक पडला नाही. पण नाराजी आकडा कळल्यामुळे की तफावतीमुळे? झाकली मूठ कंपनीच्याच फायद्याची (एचआरकडे सगळ्यांचे आकडे असतातच!). मी सरसकट सांगत फिरणार नाही. त्याच कामाच्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला मात्र जरूर सांगेन. तेही कर वगैरे कापण्याआधीचा आकडा, बोनस वेगळा काढून. नाहीतर तुलनाच फसते. आणि हो, करारात गोपनीयतेचं कलम आहे का, ते आधी बघा.